शेंकडा, दशलक्षांश आणि मिलिग्राम : द्रावणाच्या तीव्रतेच्या मापांची सांगड

शेतीच्या कामांत द्रावणाशीं गांठ पडत नाहीं असा शेतकरी हल्लीं विरळाच. द्राक्षबागेंत बोर्डो मिश्रण, कपाशीवर कीटकनाशक, भातावर झिंक सल्फेट, ठिबकांतून युरिया, अशीं नाना प्रकारचीं द्रावणें तो वर्षभर करीत असतो. परंतु हीं द्रावणें किती तीव्र असावींत हें सांगणारी भाषा मात्र एक नाहीं. विद्यापीठाची शिफारस टक्क्यांत येते. औषधाच्या डब्यावर हेक्टरीं मिलिलिटर लिहिलेले असतात. संजीवकांचें प्रमाण पी.पी.एम. मध्यें सांगतात, पाणी-तपासणीचा कागद मिलिइक्विव्हॅलंटची भाषा बोलतो, आणि दुकानदार ‘पंपाला दोन झांकणें’ एवढेंच सांगून मोकळा होतो. ह्या सर्व भाषा मुळांत एकाच गोष्टीविषयीं बोलतात. ती गोष्ट एकदां नीट समजली म्हणजे एका भाषेंतून दुसरींत जाण्यास तिसरी-चौथीच्या गणिताहून अधिक कांहीं लागत नाहीं.

हें समजून घेणें अगत्याचें आहे, कारण ह्या कामीं चूक होते ती बहुधा पावपटीनें किंवा निमपटीनें होत नाहीं. दशांशचिन्ह एक घर सरकलें कीं ती एकदम दहापटीनें होते. द्रावण दहापट पातळ झालें तर रोग आटोक्यांत येत नाहीं, मजुरी व औषध दोन्ही वायां जातात, आणि अपुऱ्या मात्रेंतून वांचलेल्या किडींना तें औषध पचविण्याची संवय लागते. दहापट तीव्र झालें तर पानें करपतात, फळांवर डाग पडतात, आणि फवारणाऱ्या माणसाच्या जिवास धोका उत्पन्न होतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्या दुर्घटनेस एकच कारण होतें असें नव्हे. तथापि औषध मापून घेणें व तें योग्य तितकें पातळ करणें ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे, हें त्यावरून सर्वांच्या ध्यानांत यावें.

(१) मूळ कल्पना

तीव्रता म्हणजे दोन राशींचें गुणोत्तर. ‘इतक्या द्रावणांत इतका पदार्थ’ ह्यापलीकडे तिचा अर्थ नाहीं. शंभर भागांत एक भाग असेल तर एक टक्का किंवा शेंकडा एक म्हणावें; दहा लक्ष भागांत एक भाग असेल तर एक पी.पी.एम., म्हणजे एक दशलक्षांश म्हणावें. शंभर आणि दहा लक्ष ह्यांत दहा हजारांचें अंतर आहे. म्हणून एक टक्का म्हणजे दहा हजार पी.पी.एम. हें एवढें एक नातें पाठ असलें कीं अर्धें काम झालें.

उरलेलें अर्धें काम पाणी स्वतःच सोपें करतें. एक लिटर पाण्याचें वजन जवळ जवळ एक किलो, म्हणजे हजार ग्राम, म्हणजेच दहा लक्ष मिलिग्राम असतें. तेव्हां एक लिटर पाण्यांत एक मिलिग्राम पदार्थ असला कीं तो दहा लक्ष भागांत एक भाग, अर्थात् एक पी.पी.एम. झाला. फवारणीच्या पातळ द्रावणांत विरघळलेल्या पदार्थामुळें वजनांत पडणारा फरक इतका अल्प असतो कीं तो सोडून देण्यास हरकत नाहीं. ह्यावरून पुढील कोष्टक तयार होतें :

१ टक्का = १०,००० पी.पी.एम. = लिटरला १० ग्राम = १०० लिटरला १ किलो
०.१ टक्का = १,००० पी.पी.एम. = लिटरला १ ग्राम = १०० लिटरला १०० ग्राम
०.०१ टक्का = १०० पी.पी.एम. = लिटरला १०० मिलिग्राम = १०० लिटरला १० ग्राम
०.००१ टक्का = १० पी.पी.एम. = लिटरला १० मिलिग्राम = १०० लिटरला १ ग्राम
०.०००१ टक्का = १ पी.पी.एम. = लिटरला १ मिलिग्राम = १००० लिटरला १ ग्राम

पाठीवरचा पंप १६ लिटरचा असेल तर लिटरच्या अंकास सोळांनीं गुणावें. एक टक्क्यास पंपाला १६० ग्राम, आणि एक दशांश टक्क्यास १६ ग्राम.

(२) बोर्डो मिश्रणाचा जुना हिशेब

मापांची सांगड किती उपयोगी पडते हें दाखविण्यास बोर्डो मिश्रणाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. फ्रान्सांतील बोर्डो प्रांतीं द्राक्षवेलींवर अमेरिकेंतून आलेला केवडा रोग पसरला असतां, रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मोरचूद व चुना शिंपडलेला होता, त्या वेलींचीं पानें शाबूत राहिलीं असें मिलार्डे नामक वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८८२ सालीं नजरेस आलें. पुढें प्रयोग करून त्यानें १८८५ सालीं ह्या मिश्रणाची कृति प्रसिद्ध केली.

जुन्या शेतकी पुस्तकांत हें मिश्रण ‘५ : ५ : ५०’ असें लिहिलेलें आढळतें, म्हणजे ५ पौंड मोरचूद, ५ पौंड चुना व ५० गॅलन पाणी. इंग्रजी गॅलनभर पाण्याचें वजन बरोबर १० पौंड धरलेलें आहे. म्हणून ५० गॅलन म्हणजे ५०० पौंड पाणी, आणि त्यांत ५ पौंड मोरचूद म्हणजे शेंकडा एक. आजचें ‘१०० लिटरला एक किलो’ हें प्रमाण तेंच आहे. परंतु अमेरिकी गॅलन लहान, केवळ ३.७८५ लिटरचा, इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा. तेंच ५ : ५ : ५० अमेरिकी गॅलनानें केलें तर मिश्रण १ टक्क्याचें न होतां १.२ टक्क्यांचें होतें. आंकडे तेच, शब्दही तोच, आणि तीव्रतेंत एक पंचमांशाचा फरक! कोंवळ्या पानांस हा फरक सोसेलच असें नाहीं. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं तेव्हांपासून हा घोटाळा मिटला आहे. परंतु जुन्या किंवा परदेशी पुस्तकावरून कृति घेणाऱ्यानें प्रथम मापाचें मूळ पाहावें.

चुन्याच्या बाबतींतही असाच एक फरक आहे. कळीचा चुना ५६ भाग घेऊन विरविला तर विरलेला कोरडा चुना ७४ भाग होतो, कारण मधील १८ भाग पाणी त्यानें शोषून घेतलेलें असतें. म्हणून कृतींत कळीचा चुना एक किलो सांगितला असून हातीं विरलेल्या चुन्याची भुकटी असेल, तर ती सुमारें १ किलो ३२० ग्राम घ्यावी. चुना जुना व हवेनें मेलेला असेल तर हाही हिशेब चुकतो. म्हणून शेवटीं मिश्रणांत स्वच्छ लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पूट चढलें तर मोकळा मोरचूद शिल्लक आहे असें समजून आणखी चुन्याची निवळी घालावी.

(३) टक्का, पण कशाचा?

टक्क्याचा अंक वाचल्यावर ‘हा टक्का कशाचा?’ असा प्रश्न विचारण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी. एक टक्का बोर्डो म्हणतांना तो टक्का मोरचुदाचा असतो, तांब्याचा नव्हे. मोरचुदांत तांबें सुमारें चौथा हिस्सा असल्यामुळें त्या मिश्रणांत तांब्याचें प्रमाण पाव टक्काच येतें.

निंबोळीचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. पांच टक्के निंबोळी अर्क म्हणजे पांच किलो निंबोळ्यांच्या गराची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर केलेलें पाणी. येथें पांच हा अंक भुकटीच्या वजनाचा आहे; निंबोळींत जें कीडनाशक द्रव्य असतें, म्हणजे अझाडिरॅक्टिन, त्याचा नव्हे. ह्याच्या उलट बाजारांतील निमतेलाच्या बाटलीवर १,५०० किंवा १०,००० पी.पी.एम. लिहिलेलें असतें, तें मात्र अझाडिरॅक्टिनचेंच प्रमाण होय. १,५०० पी.पी.एम. चें औषध लिटरला ५ मि.लि. घातलें तर द्रावणांत सुमारें ७.५ पी.पी.एम. अझाडिरॅक्टिन येतें. १०,००० पी.पी.एम. चें औषध लिटरला १ मि.लि. घातलें तरी १० पी.पी.एम. येतें. जो शेतकरी बाटली बदलल्यावरही जुन्या संवयीनें ५ मि.लि.च घालतो, तो ७.५ च्या जागीं ५० पी.पी.एम., म्हणजे जवळ जवळ सातपट तीव्र द्रावण पिकावर मारतो.

झिंक सल्फेटांतही हीच अडचण आहे. त्याचे खडे दोन जातींचे मिळतात. एकांत स्फटिकाबरोबर पाण्याचे सात अणु बांधलेले असून जस्त २१ टक्के असतें. दुसऱ्यांत पाण्याचा एकच अणु असून जस्त ३३ टक्के असतें. अर्ध्या टक्क्याच्या फवारणीची नेहमींची शिफारस, म्हणजे लिटरला ५ ग्राम, ही पहिल्या जातीस अनुसरून आहे. तिच्यांतून १,०५० पी.पी.एम. जस्त मिळतें. दुसऱ्या जातीचे ५ ग्राम घेतले तर १,६५० पी.पी.एम. होऊन पानें करपण्याचा संभव वाढतो. तेथें सुमारें ३.२ ग्राम पुरेत. दोहोंपैकीं कोणतीही जात घेतली तरी द्रावणाची आम्लता मारण्यासाठीं लिटरला अडीच ग्राम चुना घालण्याचें विसरूं नये.

खतांच्या पिशवीवरचे अंक वाचतांनाही सावध असावें. आपल्याकडे स्फुरद व पालाश हे ऑक्साइडच्या रूपानें लिहिण्याची चाल आहे. परदेशी पुस्तकांत, विशेषतः हरितगृहांतील पिकांच्या पुस्तकांत, प्रमाण शुद्ध मूलद्रव्याचें असतें. ऑक्साइडरूप पालाशाच्या अंकास ०.८३ नें, आणि ऑक्साइडरूप स्फुरदाच्या अंकास ०.४४ नें गुणिलें म्हणजे शुद्ध मूलद्रव्य मिळतें. समजा, पुस्तकांत पोटॅशियम २०० पी.पी.एम. सांगितलें आहे व आपल्याजवळ १३ : ० : ४५ हें खत आहे. त्यांतील ४५ टक्के म्हणजे शुद्ध पोटॅशियम सुमारें ३७ टक्के. म्हणून हजार लिटरला ५३५ ग्राम खत लागेल. हा भेद न जाणतां थेट ४५ नें भागिलें तर ४४४ ग्रामच पडेल आणि पीक उपाशी राहील.

शेवटचा भेद वजनाचा व आकारमानाचा. इमिडाक्लोप्रिड ह्या कीटकनाशकाच्या एका बाटलीवर ‘१७.८ टक्के’ व दुसरीवर ‘२०० एस.एल.’ असें पाहून पुष्कळांस दुसरें औषध अधिक जोरदार वाटतें. वस्तुतः दोन्ही एकच आहेत. पहिला अंक शंभर ग्राम औषधांत किती ग्राम क्रियाशील घटक आहे तें सांगतो, दुसरा एक लिटर औषधांत किती ग्राम आहे तें सांगतो. हें औषध पाण्याहून जड असून लिटरभर औषध सुमारें १,१२० ग्राम भरतें, त्याचे १७.८ टक्के काढले तर २०० ग्रामच येतात.

(४) तीव्र द्रावण पातळ करण्याची रीति

तीव्र द्रावणांत पाणी घातल्यानें पदार्थ वाढत नाहीं कीं घटत नाहीं. म्हणून, मूळची तीव्रता गुणिलें मूळचें माप, बरोबर, हवी असलेली तीव्रता गुणिलें हवें असलेलें माप. ह्या चार अंकांपैकीं तीन ठाऊक असले म्हणजे चौथा निघतो.

द्राक्षाच्या घडांस जिबरेलिक आम्लाच्या ४० पी.पी.एम. द्रावणांत बुडवावयाचें आहे, आणि द्रावण १० लिटर हवें आहे असें समजूं. शुद्ध आम्ल ४०० मिलिग्राम लागेल. इतकें सूक्ष्म वजन करण्याचा कांटा शेतकऱ्याजवळ नसतो, आणि अंदाजानें चिमूट घेतली तर चूक निश्चित. ह्यावर उपाय म्हणजे प्रथम मूळ द्रावण करावें. भुकटी ९० टक्के शुद्ध असेल तर १.११ ग्राम घ्यावी, म्हणजे शुद्ध आम्ल १ ग्राम येतें. दुकानांतून तेवढीच अचूक वजन करून आणावी. ती पाण्यांत सहज विरघळत नाहीं म्हणून आधीं थोड्या अल्कोहोलांत विरघळवून मग पाणी घालून बरोबर एक लिटर करावें. हें झालें १,००० पी.पी.एम. चें मूळ द्रावण. आतां ४० गुणिलें १० भागिलें १,००० केलें कीं ०.४ लिटर, म्हणजे ४०० मि.लि. येतें. तेवढें मूळ द्रावण घेऊन पाण्यानें १० लिटर पुरें करावें.

ह्याच रीतीनें कीटकनाशकाचाही हिशेब होतो. २५ टक्क्यांचें औषध ०.०५ टक्के करावयाचें तर २५ भागिलें ०.०५, म्हणजे पांचशेंपट पातळ केलें पाहिजे. अर्थात् लिटरला २ मि.लि. ह्या आंकड्याचा दुसरा अर्थही ध्यानीं घ्यावा. जो माणूस बाटली उघडून औषध मापतो, त्याच्या हातांत फवारणीच्या द्रावणाहून पांचशेंपट जहाल पदार्थ असतो. म्हणून हातमोजे व तोंडावरील आच्छादन हीं फवारतांना जितकीं जरूर, त्याहून मापतांना व मिसळतांना अधिक जरूर आहेत.

(५) एकरीं मात्रा आणि पाण्याचें प्रमाण

डब्यावर पुष्कळदां तीव्रता नसून हेक्टरीं मात्रा असते. समजा ‘हेक्टरीं ५०० मि.लि., ५०० लिटर पाण्यांतून’ असें लिहिलें आहे. हेक्टर म्हणजे जवळ जवळ अडीच एकर. म्हणून एकरीं २०० मि.लि. औषध व २०० लिटर पाणी पडतें. तीव्रता लिटरला १ मि.लि., आणि १६ लिटरच्या पंपास १६ मि.लि.; एकरास साडेबारा पंप.

येथें दोन उलट चुका संभवतात. एखादा मनुष्य पंपास १६ मि.लि. बरोबर घालतो, परंतु घाईनें एकर पांचच पंपांत आटोपतो. त्याचें द्रावण बरोबर आहे, पण शेताला ८० मि.लि. च औषध पोहोंचलें, म्हणजे पांच हिश्शांपैकीं दोनच. दुसरा मनुष्य बारीक तुषारांचा यांत्रिक पंप वापरतो. त्यास एकरीं ६५-७० लिटरच पाणी पुरतें. त्यानें लिटरला १ मि.लि. ची तीव्रता कायम ठेवली तर एक तृतीयांश मात्रा पडेल. तेथें लिटरला ३ मि.लि. घेणें योग्य, मात्र त्या पंपास त्या औषधाच्या लेबलाची संमति असली पाहिजे. म्हणून हंगामाच्या आरंभीं नुसतें साधें पाणी फवारून आपल्या शेतांत, आपल्या चालीनें, एकरास किती पंप लागतात तें एकदां मोजून ठेवावें.

(६) विहिरीच्या पाण्याचा कागद

पाणी-तपासणींत तीव्रता आणखी एका मापानें सांगतात, तें म्हणजे लिटरला मिलिइक्विव्हॅलंट. क्षारांतील घटक एकमेकांची जागा घेतात ते वजनास वजन असे घेत नाहींत, तर विद्युद्भारास विद्युद्भार असे घेतात. कॅल्शियमचा अणुभार ४० व संयोगशक्ति २, म्हणून त्याचे २० मिलिग्राम म्हणजे एक मिलिइक्विव्हॅलंट. मॅग्नेशियमचे १२.१५ मिलिग्राम आणि सोडियमचे २३ मिलिग्राम म्हणजे एकेक मिलिइक्विव्हॅलंट. मिलिग्रामच्या अंकास ह्या अंकांनीं भागावें कीं रूपांतर झालें.

एका विहिरीच्या पाण्यांत लिटरला कॅल्शियम ८० मिलिग्राम, मॅग्नेशियम ४८.६ मिलिग्राम व सोडियम २३० मिलिग्राम आहे असें समजूं. भागाकार केला म्हणजे अनुक्रमें ४, ४ व १० मिलिइक्विव्हॅलंट येतात. जमीन चोपण होण्याचा धोका दाखविणारें सोडियम अधिशोषण गुणोत्तर काढण्यास कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बेरजेची निमपट करून तिचें वर्गमूळ घेतात, आणि त्यानें सोडियमला भागतात. ४ व ४ मिळून ८, निमपट ४, वर्गमूळ २. १० भागिलें २ म्हणजे ५. साधारणतः दहाच्या आंतील अंक सोडियमच्या दृष्टीनें सौम्य समजतात. आतां हाच हिशेब कोणी रूपांतर न करतां मिलिग्राममध्येंच केला तर उत्तर २८ च्या वर येतें, आणि चांगल्या विहिरीवर ‘अयोग्य’ असा शिक्का बसतो. एवढ्या एका चुकीपायीं विहीर सोडून देण्याची किंवा जिप्समवर हजारों रुपये खर्चण्याची पाळी येते.

कागद तपासून पाहण्याची एक सोपी खूणही आहे. वरील तिन्ही मिलिइक्विव्हॅलंटची बेरीज १८ झाली. ती दहानें भागिली कीं १.८. पाण्याची विद्युत्-वाहकता सुमारें इतकीच डेसिसीमेन, म्हणजे १,८०० मायक्रोसीमेन, असावयास पाहिजे. आणि तिला ६४० नें गुणिलें असतां विरघळलेले एकूण क्षार लिटरला सुमारें १,१५० मिलिग्राम येतात. कागदावरील अंक ह्यांहून फारच निराळे असतील तर प्रयोगशाळेस पुन्हां विचारावें. अर्थात् ह्या पाण्यांत सोडियमचा धोका थोडा असला तरी एकूण क्षार कमी नाहींत. निचरा नसलेल्या भारी जमिनींत तें बेतानेंच द्यावें.

(७) अवशेषांचा अंक

सर्वांत लहान अंक निर्यातदाराच्या वांट्यास येतो. ज्या औषधासाठीं वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, त्यास युरोपीय संघ किलोला ०.०१ मिलिग्राम ही मर्यादा लावतो. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्राम! ०.०५ टक्क्यांचें द्रावण ५०० पी.पी.एम. चें असतें, ह्या मर्यादेच्या तें पन्नास हजार पट झालें. हें अंतर पाऊस, ऊन व काळ ह्यांनींच भरून निघावयाचें असल्यामुळें फवारणी व तोडणी ह्यांमधील सांगितलेले दिवस पाळणें किती जरूर आहे तें उघड होतें. २०१० सालीं भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट ह्या वाढनियंत्रकाचे अंश युरोपांत मर्यादेहून अधिक आढळल्यानें निर्यात अडचणींत आली होती, हें बागाईतदारांस स्मरत असेलच.

तात्पर्य, कोणतीही शिफारस हातीं आली कीं चार प्रश्न विचारावे. हा अंक कोणत्या पदार्थाचा, विकत घेतलेल्या मालाचा कीं त्यांतील क्रियाशील घटकाचा? तो वजनाचा कीं आकारमानाचा? तो किती पाण्यास आहे? आणि तें पाणी किती जमिनीस पुरावयाचें आहे? चारांचीं उत्तरें मिळाल्यावर वरील कोष्टकानें सर्व एका मापांत, म्हणजे लिटरला ग्राम किंवा मिलिलिटर, आणावें, आणि मग पंपाच्या मापानें गुणावें. प्रत्येक शेतकरी कुटुंबानें एक मोजपात्र, एक लहान कांटा व एक वही औषधांच्या पेटीजवळ ठेवावी. मोजपात्र घरांत दुसऱ्या कामास वापरूं नये. वहींत औषधाचें नांव, त्यावरील टक्का, पंपास घेतलेलें माप, एकरास लागलेले पंप व तारीख एवढें लिहावें. झांकणानें मापण्याची चाल मात्र अजिबात सोडावी. कारण झांकणें बाटलीगणिक लहानमोठीं असतात, आणि पिकाला किंवा फवारणाऱ्याला ती सबब सांगतां येत नाहीं.